मागून मारलेली हाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

धुलाई विभागात आज पहिला दिवस. बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडताना सगळ्यांनी विचारलं होतं, "बिस्किटं सोडून मळक्या चादरींकडे?" मी ऐटीत म्हटलं होतं, काम म्हणजे काम. वस्तू आत येते, बाहेर जाते, मधे कुठे अडते ते शोधायचं. आज हॉस्पिटलच्या तळघराचा जिना उतरताना तो वास नाकात शिरला आणि भाजलेल्या बिस्किटांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं. साबणाच्या वाफेमुळेही आलं असेल.

हॉस्पिटलचे प्रशासक मला स्वतः खाली सोडायला आले. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. "उन्हाळ्यात नवी इमारत सुरू होतेय," ते म्हणाले. "खाटा जवळजवळ दुप्पट. नवी मशिनं येतील, माणसं मात्र एवढीच. जुनी रीत तशीच राहिली तर पेशंट बिनचादरीचे झोपतील. रीत बदलणं तुमचं काम." एवढं बोलून ते नाकाला रुमाल लावून वर गेले.

जागा अशी: एक लांबलचक हॉल, मधोमध भिंत, भिंतीत बिनदाराची चौकट. चौकटीच्या अलीकडे धुलाई, पलीकडे ड्रायर, इस्त्रीचा रोलर आणि घड्यांचं मोठं टेबल. वरच्या मजल्यांवरची मळकी गाठोडी एका उभ्या बोगद्यातून धप्पकन खाली पडतात. खिडक्या छताला लागून आहेत. त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात.

धुलाईवर मिस्त्रींचं राज्य. साठीकडे झुकलेले, उंच, जाड मिशा, आवाज असा की भिंतीपलीकडे जावा. टेबलावर मावशींचं राज्य. बुटक्या, चपळ, चादरीची घडी घालताना वाऱ्याचा आवाज येतो. हाताखालच्या सगळ्या बायका त्यांच्या भुवईवर चालतात.

आणि हे दोन राजे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन वर्षं झाली म्हणे. का ते कोणी सांगत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कुठे अडतं ते सापडलं, आणि सापडायला दोनच दिवस लागले! मिस्त्री पलीकडे काय पाठवतात ते मावशींना आधी कळत नाही. कधी एकदम टॉवेलांचा डोंगर, कधी तासभर काहीच नाही. बायका एकतर बुडालेल्या नाहीतर बसलेल्या. दोघांनी दोन शब्द बोलायचं ठरवलं तर अर्धं दुखणं बरं होईल. पण ते बोलणार नाहीत, म्हणून मी जमिनीवर पिवळ्या पट्टीचे बाण चिकटवले. ओल्या ट्रॉलीने कुठून यायचं, रिकामीने कुठून जायचं. सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून नीट समजावलं. मशिनं सुरू होती, त्यामुळे घसा ताणावा लागला.

मिस्त्रींना शेवटी विचारलं, "कळलं ना?" म्हणाले, "हो." दुपारी ट्रॉली बाणाच्या उलट्या दिशेने.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझं नाव पडलं आहे: बाणबाई. वरच्या वॉर्डच्या नर्सने फोनवर सहज विचारलं, "बाणबाई आहेत का?" आणि मग जीभ चावली. नाव वाईट नाही. बिस्किटांच्या कारखान्यात मला घड्याळ म्हणायचे.

मिस्त्रींचं मात्र माझ्याशी जमणार नाही असं दिसतं. मी काही सांगितलं की "हो" म्हणतात आणि स्वतःचंच खरं करतात. आज मागून तीनदा हाक मारली, ढिम्म हलले नाहीत. समोर जाऊन विचारलं, "या मशिनमध्ये माल किती बसतो?" तर म्हणाले, "वीस वर्षं." मला खिजवायला, दुसरं काय. बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, सारखे तोंडाकडे बघतात. बाईमाणसाच्या ओठांकडे असं कोणी बघतं का? नवऱ्याच्या कानावर घातलं. तो नाटकांचे दिवे सांभाळतो, माणसांचे चेहरे वाचण्याचा त्याला अभिमान आहे. म्हणाला, "दातात काही अडकलं असेल तुझ्या." हा माझा आधार!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिलं नवं मशीन आलं. काय देखणं! दार गोल, आतून चांदीसारखं लखलखीत, काम संपलं की एक शिट्टी, काही बिघडलं की लागोपाठ शिट्ट्या. कंपनीच्या माणसाने शिकवलं. तो मशिनकडे तोंड करून बोलत होता, आमच्याकडे पाठ. मधे त्याने कसलासा विनोद केला, सगळे हसले. मिस्त्री सगळ्यांचं हसून झाल्यावर हसले, आणि जरा जास्तच. कुचकट हसणं म्हणतात ते हेच.

त्यांचा जीव जुन्या मशिनांत आहे. दिवसभर त्यांच्यावर पंजा ठेवून उभे असतात, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. नव्यालाही हात लावून बघितला आणि नाराजीने मान हलवली. "हे थरथरतच नाही," म्हणाले. अहो, न थरथरणारं म्हणूनच तर महाग आहे!

गुरुवार, २० फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

सकाळी नव्या मशिनच्या निचऱ्याची जाळी धाग्यांनी तुंबली. मशीन शिट्ट्या मारत राहिलं. मिस्त्री दोन हातांवर पाठ करून गाठोडी सोडत होते. पाणी बाहेर आलं, चौकटीतून पलीकडे गेलं, आणि खालच्या फळ्यांवर रचलेले ऑपरेशनचे हिरवे गाऊन भिजले. मी ऑफिसातून धावले तोवर कोणीतरी घाबरून ड्रायरची वीज बंद केली होती. त्या शांततेत ती शिट्टी अशी कर्कश वाजत होती की कानठळ्या बसाव्यात. आणि हा माणूस गाठोडं सोडतोय!

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या पाण्याकडे. चेहरा पांढराफटक.

वरची दोन ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. त्यातलं एक लहान मुलीचं होतं. सकाळपासून उपाशी ठेवलेली, भुकेने रडत होती म्हणे. तिच्या आईला मी वऱ्हांड्यात पाहिलं. चप्पल ओली होती, तशीच खाली आले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मावशींनी आज पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "तुम्हाला कालचं नवल वाटलं, मला नाही वाटलं," म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मी त्या माणसाला हाक मारली होती. गरज होती म्हणून मारली. पाठ फिरवून चालता झाला. तेव्हाच कळलं, आत काही नाहीच." पुढे विचारलं तर चादर झटकली आणि घडी घालायला लागल्या.

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. दुपारी साहेबांना जाऊन सांगितलं: मिस्त्रींना नवी रीत नको आहे आणि मुद्दाम कानाआड करतात. साहेब म्हणाले, "फाटकावर बसवू त्यांना. पुढच्या महिन्यात करू." मला हायसं वाटलं. वाटायला हवं होतं तेवढं नाही वाटलं, पण वाटलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घसा पार बसला. त्या हॉलमध्ये रोज ओरडून दुसरं काय होणार! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर अवाक्षर नको. घरी नवरा खूश. कामावर मात्र पंचाईत. दुसरं नवं मशीन आज बसवायचं होतं. मी नुसते ओठ हलवतेय आणि सगळे "काय? काय?" मावशींना हातवारे करून फळ्या उचलायला सांगितल्या तर त्यांनी मला पाणी आणून दिलं. कोणाला काही समजेना, सगळ्यांना हसू आवरेना.

एक गंमत झाली. मिस्त्रींना सगळं समजत होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून, ड्रायर धडधडत असताना, मी आवाजाविना म्हटलं, "नळी आधी डावीकडून घ्या," आणि त्यांनी डावीकडून घेतली. मी म्हटलं, "खालचा बोल्ट सैल आहे," त्यांनी पाना घेऊन बसून आवळला. दिवसभर मी जे जे पुटपुटले ते ते त्यांनी केलं, एकदाही चूक नाही, एकदाही "हो" नाही. संध्याकाळी तर ते इतरांना सांगायला लागले, "बाई म्हणतायत, ट्रॉली मागे घ्या."

ओरडून सांगितलेलं ऐकत नाहीत आणि मुक्याने सांगितलेलं ऐकतात! फाटकावर बसायची बातमी लागली असेल, म्हणून वळणावर आले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

देवा, मी किती आंधळी आहे.

सकाळी दात घासताना आरशात स्वतःचे ओठ दिसले आणि हातातला ब्रश तसाच राहिला. ते ओठ वाचतात. त्यांना ऐकू येत नाही. "किती बसतो" ला "किती वर्षं" समजून वीस म्हणाले. मागून हाक पोचत नाही. कंपनीचा माणूस पाठ करून बोलत होता. विनोदाला शेवटी हसले ते सगळे हसताना दिसले म्हणून. आणि मशिनवर पंजा! मशीन काय म्हणतंय ते त्यांना तळव्यातून कळतं. न थरथरणारं मशीन त्यांच्यासाठी मुकं आहे.

आणि मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, ऐकू येत नाही का. चिडून विचारलं होतं. सरळ विचारायला हवं होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुटीत ते एकटेच गाठोड्यांपाशी बसतात. आजवर मला ती मिजास वाटायची. आज समोर जाऊन बसले. घसा अजून बसलेलाच, त्यामुळे नुसते ओठ हलवले: "केव्हापासून?"

त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाले, "चारेक वर्षं. हळूहळू गेलं. आधी बायकांचे आवाज गेले, मग गडीमाणसांचे. आता नुसतं घुमतं." त्यांच्या मोठ्या आवाजाला आज कुजबुज करायची होती, ती जमत नव्हती. "कोणाला सांगू नका. बहिऱ्याला मशिनवर कोण ठेवतं? फाटकावर बसवतात."

फाटकाचं मी साहेबांशी बोलून आले होते. त्यांना अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, तुमच्या मशिनवर शिट्टीऐवजी दिवा लावून देते. ते ताडकन उठले. "माझ्या एकट्याच्या मशिनवर? म्हणजे माझ्या कपाळावर पाटी लावल्यासारखं. नको. त्यापेक्षा फाटक बरं."

रविवार, २ मार्च

सुटी. नवऱ्याच्या नाटकाची दुपारी तालीम होती, मीही जाऊन बसले. विंगेत, रंगमंचाच्या आडोशाला, उभी होते. नटांना आत जायची खूण कशी करतात ते इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. त्याने दाखवलं: प्रत्येकाच्या बाजूला एक छोटा दिवा. लाल लागला, तयार राहा. हिरवा लागला, जा. "इथे ओरडलं तर प्रेक्षकांना ऐकू जातं," तो म्हणाला. "शिवाय ढोल वाजत असला तर ओरडून तरी काय उपयोग?"

"म्हणजे सगळ्यांनाच लागतो?"

"लागतो म्हणजे? इथे कान चांगले असलेल्यांचीच पंचाईत जास्त. ते कानांवर विसंबतात."

मी त्याला तिथेच मिठी मारली. लाकडी तलवार घेतलेला एक नट खाकरला.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांना खाली बोलावलं. आवाज थोडा परत आलाय. म्हटलं, फाटकाचं रद्द करा, माझा अंदाज चुकला होता. ते भुवया वर करून म्हणाले, "मग पाणी आलं ती चूक कोणाची?" मिस्त्रींची गोष्ट सांगणं माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, "रीतीची. दाखवते."

सगळे ड्रायर सुरू केले, रोलर सुरू केला. साहेबांना नव्या मशिनच्या अगदी शेजारी उभं केलं आणि मुद्दाम निचरा अडवला. साहेब हात मागे बांधून उभे. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन ओरडले, "वाजली की सांगा!"

मी ओरडले, "केव्हाची वाजतेय, साहेब!"

त्यांनी कान मशिनला लावला. मग माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच रुमाल खिशात घातला. त्या दिवशी वीज बंद केल्यावर मला शिट्टी ऐकू आली, म्हणून मी धरून चालले की सगळ्यांनाच येत होती. तिथे इतकी माणसं होती, वीज बंद होईपर्यंत एकालाही आली नव्हती. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दिव्यांना मंजुरी मिळाली. प्रत्येक मशिनवर आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना. मिस्त्रींना समोरून सांगितलं, "सगळ्यांवर." ते म्हणाले, "हो." हा "हो" मला वेगळा वाटला.

गुरुवार, ६ मार्च

बाण मीच उपटले. गुडघ्यांवर बसून नखांनी पट्ट्या काढत होते तेव्हा टेबलावरच्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. मावशींना पिवळ्या पट्टीचं भेंडोळं दिलं आणि म्हटलं, "तुम्ही लावा. रोज चालता तुम्ही, मी नाही." आधी त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. मग खांबाच्या ज्या बाजूने मी बाण लावला होता तिथे फरशी खोलगट आहे, ट्रॉली रुतते, हे त्यांनी पाय आपटून दाखवलं. दुपारपर्यंत बाण लागले. एक बाण थेट पाण्याच्या पिंपाकडे जातो. "तो महत्त्वाचा आहे," मावशी म्हणाल्या आणि बायका फिदीफिदी हसल्या.

टेबल उंच करून हवंय हेही सांगितलं. सगळ्यांच्या पाठी दुखतात. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

सोमवार, १० मार्च

दिवे लावणारा माणूस आज छताला तारा ओढत होता आणि खाली वेगळीच कुजबुज पेटली. सकाळपासून बायकांचे चेहरे उतरलेले. शेवटी मी सगळी मशिनं बंद करायला लावली आणि विचारलं, काय झालंय?

मावशी पुढे आल्या. "सरळ विचारते. दिवे लागले की हाक मारायला माणूस लागत नाही. उद्या म्हणाल, ट्रॉली ढकलायला लागत नाही. परवा म्हणाल, घडी घालायला लागत नाही. टेबल उंच करून देता ते आम्हाला की आमच्या जागी येणाऱ्या मशिनला?"

मी म्हटलं, कोणीही कमी होणार नाही, साहेबांनी तसा शब्द दिलाय. माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं. "मग दिवे कशाला?" मावशींनी विचारलं. "आजवर चाललं ना दिव्यांशिवाय? कोणाला हवे होते दिवे?"

खरं कारण सांगता येत नव्हतं. शिट्टीचं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना शिट्टीशी देणंघेणं नव्हतं, त्यांना कोणाला हवेत ते कळायला हवं होतं. मी गप्प राहिले आणि त्याचा सगळ्यांनी भलताच अर्थ काढला. दोघीजणी रडायला लागल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मला."

मिस्त्री चौकटीत उभे होते. इथवरचं बोलणं त्यांनी कोणाकोणाच्या तोंडावरून वाचलं होतं, कोण जाणे. मशिनं बंद, आणि त्यांचा तो भिंतीपलीकडे जाणारा आवाज. "मला हवेत दिवे. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. पाणी आलं त्या दिवशी मला शिट्टी ऐकू आली नाही. बाईंना माहीत होतं, बाई बोलल्या नाहीत. आता मी बोललो. कोणाला घरी पाठवायचं झालं तर पहिला नंबर माझा लागेल, आणि मला पाठवण्याऐवजी त्यांनी दिवे लावलेत. यापुढे तुमचं तुम्ही समजा."

खिडकीतून कोणाचे तरी पाय टपटप करत गेले तेवढे दिसले.

मला वाटलं, आता तरी मावशी काही बोलतील. मावशींचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी हातातला अभ्रा टेबलावर ठेवला आणि जिना चढून निघून गेल्या. दिवसभर परत आल्या नाहीत.

इतक्या मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर मान खाली घातली आणि ही बाई उठून जाते! दोन वर्षांचा राग इतका कसा टिकतो? मन आहे की फरशी?

मंगळवार, ११ मार्च

कालचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू दे. माझी अक्कल मला दिसत राहील.

मावशी आज सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. मी उतरले तेव्हा धुलाईच्या बाजूला होत्या. तिथे त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्री आले, तशा त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अगदी समोर, मान वर करून, तोंड नीट दिसेल असं.

"त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "लिफ्टपाशी."

"केव्हा?"

"आमचे हे वर ॲडमिट होते तेव्हा. वॉर्डातून निरोप आला, ताबडतोब या. माझे पाय उचलेनात. तुम्ही माझ्यापुढे चालत होतात. मी म्हटलं, मिस्त्री, जरा थांबता का, माझ्याबरोबर वर येता का. तुम्ही गेलात निघून."

"मागून मारलीत?"

"मागून."

मिस्त्री मळक्या गाठोड्यावर मटकन बसले. "मग?"

"मग काय. एकटी गेले. मी पोचायच्या आधीच गेले होते ते."

मिस्त्रींनी वर पाहिलं. "मी आलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही बोलणं टाकलंत तेव्हा मला वाटलं, हिला माझं कळलं. एकच गोष्ट चारदा सांगून कंटाळली. सगळेच कंटाळतात. म्हणून विचारलं नाही."

"आणि मी दोन वर्षं मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"बरंच झालं मनात बोललात. एरवीही ऐकू आलं नसतंच."

मावशी हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, मग लक्षात येऊन तो बाजूला केला, कारण त्या काय म्हणतायत ते मिस्त्री बघत होते. मी बाणाबाणाने मागे सरकून ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

शुक्रवार, २१ मार्च

दिवे लागले. हिरवा: माल चाललाय. पिवळा: तुंबतंय, जरा थांबा. लाल: धावा. चौकटीतला पिवळा दिवा मावशींच्या टेबलावरून दाबता येतो, म्हणजे आता टेबल भरलं की मिस्त्रींना थांबवण्याची सत्ता त्यांच्या हातात. त्या ती जरा जास्तच वापरतात.

सगळं सुरळीत नाही. एकीने लाल दाबून चहा मागवला. पिवळा कोणी विझवायचा यावरून वाद आहे. नवी घडी शिकताना एक बाई रोज रडकुंडीला येते. मी बाजूला बसून तिच्याबरोबर घड्या घालते. माझ्या घड्या तिच्याहून वाईट असतात. त्याने तिला फार बरं वाटतं.

कान-नाक-घसा विभाग आमच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. मिस्त्री चार वर्षांत एकदाही गेले नव्हते. आज गेले. मावशी बरोबर गेल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, दोघं कामाच्या वेळेत गेले आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही.

सोमवार, १४ एप्रिल

नवी इमारत आज सुरू झाली. सकाळपासून बोगद्यातून गाठोडी थांबता थांबेनात. दोनदा पिवळा लागला, एकदा लाल. लालला मिस्त्री, मी, मावशी तिघंही धावलो आणि जाळी काढली. पाणी चौकटीपर्यंतही गेलं नाही. संध्याकाळी शेवटची ट्रॉली वर गेली तेव्हा एकाही वॉर्डचा तक्रारीचा फोन आला नव्हता. वर कोणीतरी आज पहिल्यांदाच वापरलेल्या खाटेवर, आमच्या चादरीवर झोपलं असेल.

मिस्त्रींच्या कानात गेल्या आठवड्यापासून यंत्र आहे. अजून सवय नाही. म्हणतात, ताट ठेवल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो. बाकी त्यांचं समाधान एका गोष्टीने होतं: मावशींशी वाद घालता येतो. टॉवेल आधी की चादरी आधी, या एका विषयावर दोघं सकाळी सुरू होतात ते सुटेपर्यंत. आज तर भिंतीच्या दोन बाजूंनी चालू होतं. मधे ड्रायर धडधडतायत, दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं धड ऐकू येत नाही, तरी एक मुद्दा कोणी सोडत नाही.

साहेब अभिनंदन करायला खाली आले ते नेमके त्याच वेळी. जिन्यातच थबकले. "हे काय?" काळजीने विचारलं. "परत भांडण? मिटवू का?"

मी म्हटलं, "नको, साहेब. बोलतायत."